जन्मजात वक्रपाद : पहिला पंधरवडा व पुढील चार वर्षे

जन्मतः पाऊल आत मुरडलेले, टाच वर ओढली गेलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे वळलेला आणि पावलाची आतील कमान खोल झालेली, अशा विकृतीस आधुनिक वैद्यक 'क्लबफूट' म्हणते. आपल्याकडे 'मुरडलेला पाय' किंवा 'वाकडे पाऊल' असे सरळ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात आम्ही सोयीसाठी 'वक्रपाद' हा शब्द योजला आहे. हा विषय अस्थिरोगतज्ज्ञांचा, आपला नव्हे, असा समज व्यवसायी वैद्यांत आढळतो. प्रत्यक्ष उपचारापुरता तो योग्यच आहे. परंतु असे बालक घरी आल्यावर प्रथम कोणापुढे नेले जाते, हे पाहिले तर उत्तर निराळे मिळते. प्रथम ते अंगाला तेल लावणाऱ्या बाईपुढे जाते, नंतर गावच्या हाडवैद्याकडे आणि त्यानंतर 'वातावरचे चांगले तेल द्या' म्हणून आपल्या चिकित्सालयात किंवा औषधालयाच्या गल्ल्यापाशी येते. अस्थिरोगतज्ज्ञाचा क्रम बहुधा चौथा असतो आणि तोवर सहा महिने उलटलेले असतात. त्या क्रमात आपण तिसरे आहोत, म्हणून हा लेख.

हा दोष विरळा नाही. हजार जन्मांमागे सुमारे एका बालकात तो आढळतो, मुलांमध्ये मुलींच्या जवळजवळ दुप्पट, आणि निम्म्या बालकांत दोन्ही पावले बाधित असतात. ज्या तालुक्यात वर्षाला तीन हजार बाळंतपणे होत असतील, तेथे दरवर्षी अशी तीनेक बालके जन्मणार, असा हिशेब धरण्यास हरकत नाही.

संहितांतील संदर्भ आणि मातेवरील दोषारोप

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्याधींचे सात प्रकार सांगताना जन्मबलप्रवृत्त व्याधींत पंगु, जात्यंध, बधिर, मूक, वामन इत्यादींचा अंतर्भाव केला आहे. त्यांचे कारण मातेचा अपचार असे सांगून रसकृत व दौहृदापचारकृत असे दोन भेद दिले आहेत. शारीरस्थानातही गर्भिणीच्या दौहृदाचा अवमान झाल्यास वातप्रकोपाने गर्भ कुब्ज, कुणि, पंगु होतो असे म्हटले आहे. वक्रपादाचे नाव घेऊन केलेले स्वतंत्र वर्णन मात्र बृहत्त्रयीत नाही. 'पंगु' या संज्ञेत तो ओढून बसविण्याचा मोह टाळावा, असे आमचे मत आहे. कारण वातव्याधीतील खंज व पंगु यांची संप्राप्ती कटिस्थ वायूने सक्थीच्या कंडरेचा आक्षेप केल्याने होते, आणि ती निराळी अवस्था आहे.

या संदर्भाचा खरा धोका तात्त्विक नाही, घरगुती आहे. 'मातेचा अपचार' हे दोन शब्द वैद्याच्या तोंडून बाहेर पडले की त्यांचा अर्थ सासरी काय लावला जातो, हे आपण सर्व जाणतो. ग्रहणात हिने विळी हातात घेतली, डोहाळे पुरविले नाहीत, पाय दुमडून झोपली. यांपैकी काहीतरी आधीच ठरलेले असते आणि वैद्याच्या वाक्याने त्यावर शिक्कामोर्तब होते. बहुसंख्य बालकांत या विकृतीचे निश्चित कारण सापडत नाही. आनुवंशिक घटकांचा भाग आहे एवढे निश्चित, म्हणून पहिल्या बालकास दोष असल्यास पुढील अपत्यात त्याची शक्यता शंभरात तिघांच्या आसपास जाते. ग्रहण, विळी, झोपण्याची स्थिती यांचा काही संबंध नाही. पुढील चार वर्षे या बालकाचे उपचार मुख्यतः याच मातेच्या हातून व्हावयाचे आहेत. तिला पहिल्याच दिवशी अपराधी ठरविले तर उपचार तेथेच पंगु होतो. म्हणून 'तुमच्या हातून काहीही चुकलेले नाही' हे वाक्य सासू व पती यांच्या समक्ष, स्पष्ट शब्दांत उच्चारावे.

परीक्षण

बालकास उबदार जागी, दूध पाजून शांत केल्यावर, कमरेपासून उघडे करून पाहावे. प्रथम ठरवावयाचे ते हे की, पाऊल खरोखर वक्र आहे की केवळ गर्भाशयात दाबून बसल्याने वळलेले आहे. दुसऱ्या प्रकारात एका बोटाच्या हलक्या दाबाने पाऊल सरळ होते, इतकेच नव्हे तर नडगीच्या दिशेने वरही जाते. असे पाऊल बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुधारते. अनेक तेलांची व अनेक हातांची कीर्ती याच पावलांवर उभी आहे. खऱ्या वक्रपादात पाऊल असे सरळ होत नाही. पावलाची बाहेरील कड धनुष्याकृती असते, तळव्याच्या आतील बाजूस व टाचेच्या मागे खोल वळी दिसते आणि टाचेवर बोट दाबले असता आतील अस्थी लागत नाही, पोकळ मांस हाती लागते. ही पोकळ टाच एकदा बोटांना कळली की विसरत नाही. कॅनडातील डॉ. शफीक पिरानी यांनी अशा सहा लक्षणांना शून्य, अर्धा वा एक गुण देऊन शून्य ते सहा अशी मोजपट्टी तयार केली आहे. रुग्णालयाच्या कागदावर 'पिरानी ५.५' असे लिहिलेले दिसल्यास पाऊल पुष्कळ ताठर आहे, असे समजावे.

पाऊल पाहून थांबू नये. बालकास पालथे करून पाठीच्या कण्यावर खळगा, केसांचा झुपका वा गाठ आहे काय ते पाहावे. जांघा, गुडघे, हातांची बोटे व सांध्यांची हालचाल तपासावी. यांत काही वावगे आढळल्यास वक्रपाद हा एखाद्या मोठ्या विकृतीचा भाग असू शकतो, आणि तसे चिठ्ठीत लिहून पाठवावे.

चोळण्याने पाऊल सरळ का होत नाही

या विकृतीत पावलाच्या मागील भागातील अस्थी घोट्याच्या खोबणीत अडकलेल्या अस्थीभोवती एकमेकींसह आत वळलेल्या असतात. त्या अस्थीस इंग्रजीत टॅलस म्हणतात आणि ती स्वतः फारशी फिरत नाही. तिच्याभोवती टाचेच्या अस्थीसह उरलेले सर्व पाऊल फिरवून बाहेर आणावे लागते. टाच मुठीत धरली तर ते फिरणे अशक्य होते. तेल लावणारी बाई नेमके हेच करते. एका हाताने टाच घट्ट धरते आणि दुसऱ्या हाताने चवडा बाहेर पिळते किंवा वर दाबते. टाच जागेवर राहते, चवडा तेवढा वाकतो आणि हे जोराने चालू राहिल्यास तळवा मध्येच मोडल्यासारखा फुगीर होतो, जणू पाळण्याच्या बुडाची वळी. मग मूळ दोषाहून कठीण असा दुसरा दोष निस्तरावा लागतो. सुश्रुतांनी कूर्च मर्माच्या आघाताने पाऊल फिरणे व थरथरणे आणि गुल्फ मर्माच्या आघाताने वेदना, स्तब्धपादता वा खंजता सांगितली आहे. नवजाताच्या गुल्फावर बळाचा प्रयोग करणाऱ्याने तेवढे तरी स्मरावे.

येथे बाईस दोष देण्याचे कारण नाही. गेल्या शतकात अमेरिकेतील डॉ. काइट हे निष्णात अस्थितज्ज्ञही पावलाच्या बाहेरील बाजूस चुकीच्या ठिकाणी आधार देऊन प्लास्टर घालीत, आणि त्यामुळे टाचेच्या अस्थीचे फिरणे अडून उपचार कित्येक महिने चाले. ही चूक ज्यांनी ओळखली ते डॉ. इग्नासिओ पोन्सेटी. ते १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले, स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले आणि पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात आयुष्यभर काम केले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपली पद्धत सुरू केली व १९६३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिकडे तीसेक वर्षे जगाने जवळजवळ दुर्लक्ष केले, कारण तो काळ मोठ्या शस्त्रक्रियांचा होता. शस्त्रक्रियेने पाऊल टेबलावरच सरळ दिसे, परंतु विशी-तिशीत ते ताठर व वेदनायुक्त होत असल्याचे पुढे आढळून आले. त्यानंतर १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पोन्सेटींची पद्धत सर्वत्र स्वीकारली गेली. २००९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ती जगभर प्रमाण झाली होती.

उपचाराचा क्रम

बालक दूध नीट ओढू लागले व वजन धरू लागले की, म्हणजे साधारणतः जन्मानंतर सात ते दहा दिवसांनी, उपचार सुरू करणे उत्तम. एक-दोन आठवडे मागेपुढे झाल्याने बिघडत नाही, ही रात्रीतून धावपळ करण्याची आपत्कालीन अवस्था नव्हे. परंतु 'सव्वा महिना होऊ द्या, मग बघू' या वाक्यातील 'मग' फार लांबतो.

दर आठवड्यास तज्ज्ञ पाऊल एक-दोन मिनिटे हलक्या हाताने ताणतात आणि मिळालेली स्थिती टिकविण्यासाठी बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून प्लास्टर घालतात. पहिल्या प्लास्टरमध्ये अंगठ्याची बाजू वर उचलून खोल कमान सपाट केली जाते. ते पाहून नातेवाईक घाबरतात, कारण पाऊल अधिकच वाकडे दिसते. तसेच दिसावयास हवे, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. पुढील प्लास्टरांत टॅलसच्या बाहेरील भागावर अंगठ्याचा आधार देऊन पाऊल क्रमाने बाहेर फिरविले जाते. टाचेला हात लावला जात नाही. पाच ते सात प्लास्टरांत पाऊल साठ-सत्तर अंश बाहेर फिरते. टाच वर ओढणारी जाड कंडरा मात्र ताणाने पुरेशी लांब होत नाही. म्हणून दहापैकी आठ-नऊ बालकांत ती बधिर करून बारीक छेदाने तोडली जाते व शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवले जाते. तेवढ्या अवधीत कंडरा नव्या लांबीवर सांधते. 'नस कापली' असा शब्द ऐकून पळून आलेले कुटुंब आपल्याकडे येते. त्यांना हे सांधणे समजावून परत पाठविणे, हे आपले काम आहे.

सुश्रुतांच्या चिकित्सास्थानातील भग्नप्रकरणाशी याचे साधर्म्य जाणकारांच्या लक्षात येईलच. सौम्य ऋतूत दर सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाचव्या व उष्ण ऋतूत तिसऱ्या दिवशी बंध बदलावा; शिथिल बंधाने संधीस स्थैर्य येत नाही, गाढ बंधाने शोथ, वेदना व पाक होतो, हे त्यांनी सांगून ठेवले आहे. प्लास्टरचे चूर्णसुद्धा आपणास परके नाही. ज्या गोदंतीचे आपण भस्म करतो, तीच सुमारे दीडशे अंशांवर भाजली असता हे चूर्ण मिळते. अधिक भाजली तर ते पाण्याने घट्ट होत नाही. तथापि 'हे सर्व आमच्याकडे होतेच' असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. बंधाचे तत्त्व आपल्याकडे होते. वक्रपादाच्या अस्थी कोणत्या क्रमाने फिरवाव्यात, हे ज्ञान पोन्सेटींचे आहे. ज्यांनी त्याचे प्रत्यक्ष शिक्षण घेतलेले नाही, त्यांनी पुस्तकातील चित्रे पाहून प्लास्टर घालू नये.

प्लास्टरच्या काळात मात्र बालक आपल्या गावी असते आणि रुग्णालय पन्नास किलोमीटरवर. बोटे गुलाबी व उबदार आहेत ना, अंगठा दाबून सोडल्यावर पांढरा पडून लगेच लाल होतो ना, हे आईस दाखवून शिकवावे. बोटे काळी-निळी पडली, सुजली, प्लास्टरला दुर्गंधी आली, किंवा बोटे आत ओढली जाऊन दिसेनाशी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्लास्टर सरकले असता ते ओढून बसवू नये. नव्या प्लास्टरच्या आदल्या रात्री घरी भिजवून काढून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तीही टाळावी, कारण रात्रभरात पाऊल पुन्हा आत वळू लागते. या काळात स्नान ओल्या फडक्याने, आणि पायास तेल मुळीच नाही.

चार वर्षांचा बूट

आता मुख्य मुद्दा. प्लास्टरने सुधारलेले पाऊल पूर्ववत वळण्याची प्रवृत्ती चार-पाच वर्षे टिकून राहते. ते रोखण्यासाठी पट्टीला जोडलेले दोन बूट, ज्यास रुग्णालयात 'ब्रेस' म्हणतात, द्यावे लागतात. बाधित पाऊल साठ-सत्तर अंश बाहेर, निरोगी पाऊल तीस-चाळीस अंश, आणि पट्टीची लांबी बालकाच्या खांद्यांएवढी. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, त्यानंतर रात्रीची व दुपारची झोप मिळून १२ ते १४ तास, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. या पद्धतीने दहापैकी नऊहून अधिक पावले प्रारंभी सरळ होतात. नंतर जी पुन्हा वळतात, त्यांतील बहुतेक बूट सोडल्यामुळे वळतात.

आणि बूट का सुटतो, हे रुग्णालयात दिसत नाही, आपणास दिसते. आमच्याकडे बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड कुटुंबाचे बालक येत असे. प्लास्टर उत्तम झाले होते, कंडरेचा छेद झाला होता, बूट मिळाला होता. दिवाळीनंतर बिऱ्हाड कारखान्याच्या फडावर गेले. रात्री दोनला गाडी भरावयास उठणाऱ्या माणसांच्या कोपीत बालक बूट घातल्यावर रडू लागले की शेजारच्या कोपीतून आवाज येई. आठवड्याभरात बूट पेटीत गेला. चैत्रात मंडळी परतली तेव्हा टाच पुन्हा वर गेली होती. पुन्हा तीन प्लास्टरे घालावी लागली. पुढील हंगामापूर्वी आम्ही आजीस बोलावून घेतले, ती गावी राहिली आणि बालक तिच्यापाशी राहिले. आजीने बूट घालण्यावर गाणे रचले होते; बालक त्या गाण्याने पाय पुढे करी. या बाबतीत अशी आजी कोणत्याही तज्ज्ञाहून श्रेष्ठ, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. परंतु ज्यांच्याकडे मागे राहणारी आजी नाही, त्यांच्यासाठी फडाजवळच्या रुग्णालयाचा पत्ता हंगामापूर्वीच काढून द्यावा लागतो.

पहिल्या दोन-तीन रात्री बालक रडते. ते वेदनेने नव्हे, पाय सुटे हलत नाहीत म्हणून. दोन्ही पाय एकत्र हलवावयाचे असतात हे उमगले की रडणे थांबते. आईने पट्टी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकविण्याचा-सरळ करण्याचा खेळ करावा. सुती मोजे बिनसुरकुती घालावे. टाच तळाला टेकली आहे याची खात्री करून मधला पट्टा प्रथम आवळावा.

तेलाचा प्रश्न

औषधालयचालकांस आमची विशेष विनंती येथे आहे. बूट वापरताना त्वचेवर थोडी लाली येणे स्वाभाविक आहे. टाचेच्या मागे लालभडक चट्टा वा फोड दिसला तर बूट बहुधा सैल आहे आणि पाऊल आत घासत आहे, असे समजावे. अशा चट्ट्यावर तेल, घृत वा मलम लावू नये. त्वचा मऊ पडून अधिक सोलवटते. बूट योग्य तितका घट्ट करणे हाच त्यावरील उपाय, आणि फोड आल्यास रुग्णालयास दाखविणे.

उपचार पूर्ण झाल्यावरही बाधित पायाची पोटरी किंचित बारीक व पाऊल थोडे लहान राहते. हे मूळ विकृतीतच आहे, उपचारातील उणीव नव्हे. पोटरी भरून येण्यासाठी तेल मागावयास पालक हमखास येतात. बला तैल, लाक्षादी तैल वा महानारायण तैल यांनी ती दुसऱ्या पायाएवढी होईल, असे सांगू नये. बूट काढलेल्या वेळात, त्वचा निरोगी असताना, स्नानापूर्वी सर्वांगास सौम्य अभ्यंग करण्यास प्रत्यवाय नाही. बूट चढविण्यापूर्वी पाय पूर्ण कोरडे पुसावे. तेवढी एक बाटली विकावी. 'वक्रपादावर' म्हणून विकू नये.

कोठे पाठवावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यातील जन्मजात दोषांच्या यादीत वक्रपाद आहे आणि उपचार विनामूल्य आहेत. नवजातास घरी भेट देणाऱ्या आशा कार्यकर्तीने हा दोष हेरावा, आणि सहा आठवड्यांपुढील बालकांची तपासणी अंगणवाडीत फिरत्या पथकाने करावी, अशी योजना आहे. या पथकांतील वैद्यकीय अधिकारी हे आयुष पदवीधर असतात, म्हणजे आपलेच सहाध्यायी व विद्यार्थी. जिल्हा रुग्णालयातील 'डीईआयसी' केंद्रातून पुढची व्यवस्था होते. बहुतेक मोठ्या शासकीय रुग्णालयांत वक्रपादाचा आठवड्यातील वार ठरलेला असतो. तो वार विचारून आपल्या भिंतीवर लिहून ठेवावा. 'क्युअर इंडिया' ही संस्था शासकीय रुग्णालयांच्या सहकार्याने असे उपचार व बूट पुरविते. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयातही बालअस्थिरोग विभाग आहे. चिठ्ठीत जन्मतारीख, कोणते पाऊल, कणा व जांघ तपासल्याची नोंद आणि आधी काही मर्दन वा बंध झाला असल्यास तो, एवढे अवश्य लिहावे.

क्वचित प्रश्न जन्माआधीच येतो. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वळलेले पाऊल दिसते आणि कुटुंब 'ठेवावे की नाही' विचारण्यास आपल्याकडे धावते. गर्भाच्या इतर अवयवांची बारकाईने तपासणी करून घ्यावी. अन्य दोष नसल्यास हे बालक चालेल, धावेल, असे निःशंकपणे सांगता येते.

चालू लागलेल्या बालकाकडे वर्षातून दोन-तीनदा, अगदी पडशासाठी आले तरी, पाहावे. पाऊल बाहेरील कडेवर पडू लागले, चवडा आत येऊ लागला, बूट वारंवार निसटू लागला, की पुनरावृत्ती सुरू झाली असे समजावे. सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे त्यास उकिडवे बसविणे. दोन्ही टाचा भुईला टेकल्या पाहिजेत. एक टाच उचलली जात असल्यास थांबू नये, पुन्हा पाठवावे. लवकर आलेल्या पावलास दोन-तीन प्लास्टरे पुरतात. अडीच-तीन वर्षांनंतर वारंवार वळणाऱ्या काही पावलांत एका स्नायूच्या कंडरेची जागा बदलण्याची लहान शस्त्रक्रिया करावी लागते. ज्यांच्यावर कधीच उपचार झाले नाहीत अशी आठ-दहा वर्षांची मुले, पावलाच्या वरच्या बाजूवर चालणारी व तेथे घट्टा पडलेली, शाळेच्या तपासणीत अजून आढळतात. त्यांच्यातही हीच प्लास्टरची पद्धत प्रथम वापरून पाहिली जाते व पुष्कळांत मोठी शस्त्रक्रिया टळते किंवा लहान होते. 'आता वय गेले' असे सांगून त्यांना परत पाठवू नये.